जयवंताचा उजवा कौल

'डिटेलिंग' या शब्दावर माझा पहिल्यापासून राग. विक्रोळीला कन्नमवार नगरच्या पुढे, हायवेच्या कडेला गाळ्यांची एक रांग आहे. त्यातल्या एका गाळ्यावर 'जयवंत कार डिटेलिंग' अशी पाटी दिसली आणि मी बसल्या जागेवरून बायकोला म्हणालो, "बघ, गाडी धुतो म्हणायची लाज वाटते, म्हणून हे इंग्रजी."

"अहो, तुम्हाला गाडी साफ करून हवीय की भांडण हवंय?" माणिक म्हणाली.

खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. बत्तीस वर्षं मी विक्रोळीच्या शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त होऊन मुलुंडला आरामात राहतो, पण दुकानाच्या पाट्या दिसल्या की हात अजून लाल पेनासाठी शिवशिवतो. शिवाय त्या दिवशी डोकं तापायला आणखी एक कारण होतं. आदल्या आठवड्यात गाडीत ताकाची पिशवी फुटली होती, आणि ती कोणी नीट ठेवली नव्हती यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नव्हतं. गाडी पंधरा वर्षांची, रंगाने लाल, आणि आतून आता आंबट.

गाळ्यातून चाळिशीचा एक गडी ओले हात पुसत बाहेर आला आणि थेट माझ्या पायाशी वाकला. "सर! मी जयवंत. दहावी ब. शेवटचा बाक."

मला चेहरा आठवला नाही, शुद्धलेखन आठवलं. 'आशीर्वाद' हा शब्द चार ओळींत चार तऱ्हांनी लिहिणारा जयवंत तो हाच. भांडणातली हवाच गेली. तरी मी विचारलंच, "काय रे, हे डिटेलिंग म्हणजे नक्की काय?"

"सर, धुणं म्हणजे दिसते ती घाण काढणं. आणि डिटेलिंग म्हणजे..." त्याला शब्द सापडेना. शाळेतही त्याचं असंच व्हायचं. मग त्याने खिळ्याला अडकवलेली ब्रेडची रिकामी पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली. "हात घाला आत. आता बॉनेटवरून फिरवा. हळू."

बॉनेट दिसायला स्वच्छ होतं. पण पिशवीतल्या हाताला ते खरखरीत लागलं, वर कोणी रवा सांडून ठेवल्यासारखं. नुसत्या हाताने फिरवलं तर काहीच नाही. पिशवीतून मात्र कण न् कण कळत होता. हायवेची धूळ, ब्रेकचा चुरा, झाडाचा चीक, सगळं रंगात रुतून बसलेलं.

"डोळ्याला दिसत नाही ना, ते काढणं म्हणजे डिटेलिंग," जयवंत म्हणाला.

चार तास आम्ही तिथेच बसलो. बाहेरचं काम जयवंताचं, आतलं त्याच्या बायकोचं, श्वेताचं. दात घासायच्या ब्रशने ती एसीच्या जाळ्या घासत होती. ताकाचा वास तिने कसा घालवला ते तिने सांगितलं नाही, पण घालवला. जयवंत बॉनेटवर दिवा तिरपा धरून एकेक ओरखडा शोधायचा, मशीन फिरवायचा, पुन्हा दिवा धरायचा. शेवटी त्याने परत ब्रेडची पिशवी दिली. हात काचेवरून सरकावा तसा सरकला. मी गाडीकडे बघत होतो आणि जयवंत माझ्या तोंडाकडे बघत होता. पैसे देताना मला कळलं की त्याची खरी मजुरी त्याला आधीच मिळून गेली होती.

त्या दिवसापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं. गाडीचं निमित्त, पण खरं म्हणजे मला तो गाळा आवडायला लागला. जयवंताचे वडील धोंडिराम आधी गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा विक्रोळीच्याच एका कारखान्यात लागले, तिथून निवृत्त होऊन बायकोला, जानकीबाईंना, घेऊन गावी गेले. गाव कणकवलीपासून आत, एसटीने तासाभरावर. जयवंत इथेच वाढला. सोसायट्यांमधून सकाळी बादली-फडकं घेऊन गाड्या पुसण्यापासून त्याने सुरुवात केली, मग एका वर्कशॉपमध्ये पॉलिशचं काम शिकला आणि नऊ वर्षांपूर्वी हा गाळा घेतला. मुंबईत झकास मुंबईची भाषा बोलायचा, आणि गावचा फोन आला की एका क्षणात मालवणीत शिरायचा.

त्याची गिऱ्हाइकं बघण्यासारखी होती. पवईच्या एक डॉक्टरीणबाई कुत्र्याच्या केसांनी भरलेली गाडी घेऊन यायच्या आणि कुत्र्यालाही आणायच्या. विक्रोळीचेच एक आजोबा, मुलाने घेऊन दिलेली गाडी चालवायचे नाहीत, पण महिन्याला चमकवून न्यायचे. मुलुंडचे एक गृहस्थ खुर्ची टाकून पूर्ण वेळ बसायचे आणि 'इथे राहिलं, तिथे राहिलं' करायचे. हे गृहस्थ म्हणजे मी, असं माणिकचं म्हणणं आहे.

अडचण एकच. ही सगळी मंडळी शनिवार-रविवारी उगवायची. सोमवार ते शुक्रवार गाळ्यात माशा मारायच्या आणि रविवारी जेवायला फुरसत नाही. जयवंताची मुलगी निधी नऊ वर्षांची. "पप्पा रविवारी दाखवा, आणि बक्षीस मिळवा," असं ती एकदा माझ्यासमोर म्हणाली. आम्ही हसलो, पण श्वेता हसली नाही.

अशात जानेवारीत घाटकोपरचे चंद्रप्रकाश शेठ आले. जुन्या गाड्या घ्यायच्या, ठाकठीक करून विकायच्या, हा त्यांचा धंदा. माणूस गोड, शब्दाचा पक्का. त्यांनी जयवंताचं काम कुठेतरी पाहिलं होतं. म्हणाले, आठवड्याला पंधरा गाड्या देतो, सोमवार ते शनिवार, रविवार तुझा. अट एकच. गाळ्यात गाड्या फक्त माझ्या. बाहेरचं गिऱ्हाईक बंद.

जयवंत दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी मुलुंडला आला. चहा निवला तरी कप हातातच.

"सर, डोकं चालत नाही. होलसेल घेऊ की रिटेल ठेवू?"

आता सांगायची गोष्ट सांगतो, कारण पुढची सगळी भानगड माझ्या या एका वाक्यामुळे झाली. समोर एक माणूस आयुष्याचा प्रश्न घेऊन बसलाय आणि मला काय खटकलं? शब्द. मी म्हणालो, "होलसेल-रिटेल काय रे? घाऊक आणि किरकोळ म्हणावं. इतके सुंदर शब्द आहेत आपल्याकडे."

"किरकोळ नको सर," जयवंत कळवळून म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना किरकोळ गिऱ्हाईक म्हटलं तर कुत्रा सोडतील माझ्यावर."

"बरं, मग घाऊक तरी म्हण."

"घाऊक," तो आज्ञाधारकपणे म्हणाला. मग सगळं मांडत बसला. घाऊक काम घेतलं तर रोजची काळजी मिटते, रविवार मिळतो, श्वेताचे हाल थांबतात. पण नऊ वर्षं जोडलेली माणसं जातात, आणि एकदा गेलेली परत येत नाहीत, मुंबईत कोण कुणासाठी थांबतंय. शिवाय शेठच्या गाडीला मालकच नाही. "मग दाखवणार कोणाला, सर?" हे तो अगदी हळू म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी 'घाऊक' या शब्दावर खूश होतो.

"बाबांना सांगतो, देवाला कौल लावा म्हणून," तो शेवटी म्हणाला. "माझा तसा फार विश्वास नाही हो. पण बाबा देवाला विचारल्याशिवाय म्हैससुद्धा घेत नाहीत. आणि मला तर काही सुचतच नाही."

कौलाची रीत त्याने मला समजावली. गावच्या देवळात गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मला हे पटणारं नव्हतं, पण मी म्हणालो, "ठीक आहे. देवाशी तरी मराठीत बोल म्हणजे झालं."

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. गावात रेंज फक्त विहिरीपाशी मिळते, म्हणून धोंडिराम त्यांच्या रोजच्या वेळी तिथे येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. मग जयवंत मोठ्याने बोलायला लागला, "बाबानू, देवाक एक इचारा. घाऊक धंदो करू काय? काय? होय, होय, घाऊक! घाऊक धंदो करू काय, असा इचारा." आणि माझ्याकडे बघून हसला, वर्गात पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिल्यासारखा. मीही मान हलवली.

पलीकडे बराच वेळ आवाजच आला नाही.

"रेंज गेली वाटतं," जयवंत म्हणाला. तेवढ्यात धोंडिराम म्हणाले, "इचारतंय हां," आणि फोन ठेवला.

आठ दिवसांनी कौल आला. उजवा.

पुढे काय झालं ते मी लांबून पाहिलं, कारण जवळून बघायची सोय उरली नव्हती. फेब्रुवारीत मी गाडी घेऊन गेलो तर जयवंत दारातच आडवा आला, पण नजर माझ्या चपलांवर. "सर, बाहेरच्या गाड्या सध्या बंद केल्यात. तुमची घेतली तर शेठ बघतील." मी काही बोललो नाही. घरी येऊन मात्र तास-दीड तास बोललो. माझा विद्यार्थी, माझी गाडी, माझाच सल्ला, आणि मलाच दारातून परत! माणिक भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "सल्ला कुठे दिलात? तुम्ही नुसतं व्याकरण सुधारलंत."

वाईट काही चाललं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. रविवारी जयवंत निधीला घेऊन राणीच्या बागेत गेला, तिघांचे फोटो आले. श्वेताच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला होता. शेठ बोलल्याप्रमाणे वागत होते. गाळ्यात दोन माणसं नवी घेतली होती. कुठल्याही शहाण्या माणसाने याला बरं चाललंय असंच म्हटलं असतं, आणि जयवंतही फोनवर तसंच म्हणायचा. 'बरं चाललंय' हे तो ज्या आवाजात म्हणायचा त्या आवाजात मी बत्तीस वर्षं दहावीच्या पेपरांबद्दल ऐकत आलो होतो.

एप्रिलमध्ये माणिकने निधीसाठी पुस्तकांची पिशवी दिली आणि मला जवळजवळ ढकललं. राग गिळून गेलो. गाळ्यात एक पांढरी गाडी उभी होती, शेठचीच. जयवंत फडक्याने तिला काहीतरी तेलकट चोळत होता. दोन्ही हात मनगटापर्यंत माखलेले. दिवा कोपऱ्यात, बंद.

"हे काय लावतोस?"

"याने ओरखडे बुजल्यासारखे दिसतात सर. पंधरा-वीस दिवस मस्त चमकते. मग परत दिसतात."

"आणि घेणाऱ्याला सांगतोस?"

"घेणारा मला दिसतच नाही सर," तो म्हणाला. "शेठ म्हणतात, विकली जाईपर्यंत चमकली पाहिजे, बस. त्यांचंही बरोबर आहे. सगळेच असं करतात."

खिळ्याला ब्रेडच्या पिशव्या नव्हत्या. खिळा मात्र होता. मी पुस्तकं श्वेताकडे दिली आणि निघणार एवढ्यात फोन वाजला. जयवंताचे हात तेलकट, म्हणून श्वेताने फोन उचलून स्पीकर लावला आणि त्याच्यापुढे धरला. विहिरीवरून धोंडिराम बोलत होते, आवाज खणखणीत.

"जयवंता, पत्रे घालून झाले रे! मांगर सगळो मोकळो केलो. लाईटवाल्याक सांगून मोठो पॉइंट घेतलो, तुझ्या मशीनीक लागतलो म्हणान. पाण्याची टाकी पण बसवली. आता तू कधी येतंस ता सांग. तुझी आवस रोज इचारता."

जयवंत फडकं धरून तसाच. "खय येव?"

"खय म्हणजे? गावाक! देवान होय म्हटल्यान मा, गावाक धंदो करूक? तूच इचारलंस मा, गावाक धंदो करू काय म्हणान?"

घाऊक. गावाक. मालवणीत 'गावाक' म्हणजे गावाला. ज्या घरात आयुष्यभर होलसेलला होलसेल म्हटलं गेलं, तिथे हा घाऊक कोणाला माहीत? मी शिकवला म्हणून जयवंताच्या तोंडी आला, आणि विहिरीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या कानात गावाक होऊन पडला. गुरवाने देवाला विचारलं, या लेकराने गावाला धंदा करावा का? देव हो म्हणाला. गेले अडीच महिने बापलेक आठवड्याला बोलत होते. 'तयारी चालू आसा मा?' असं तिकडून विचारलं की हा म्हणायचा, 'होय, दोन माणसं पण घेतलंय.' दोघंही खरंच बोलत होते.

जयवंत कसाबसा म्हणाला, "बाबानू, मागसून फोन करतंय," आणि श्वेताने फोन बंद केला.

मग जयवंत उलट्या बादलीवर बसला आणि हसायला लागला. आधी हळू, मग जोरात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे सर... म्हणजे देवाने होलसेलला हो म्हटलंच नाही?"

"त्याला विचारलंच नव्हतं रे," मी म्हणालो. माझा आवाज चोराचा.

"विचारलंच नव्हतं!" तो पुन्हा हसला. फडकं त्याने कोपऱ्यात भिरकावलं. श्वेताच्या डब्याबरोबर पावाची पिशवी होती, त्यातले पाव काढून डब्याच्या झाकणावर ठेवले, पिशवीत हात घातला आणि त्या पांढऱ्या गाडीच्या दारावरून फिरवला. "रवा," तो म्हणाला. "नुसता रवा आहे, सर!" अडीच महिन्यांत मी त्याला इतक्या आनंदात पाहिलं नव्हतं. दारावर रवा लागला म्हणून नाचणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. आपल्याला काय हवंय हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तसं त्याने बोलूनही टाकलं, "मला नको हे सर. मला पहिल्यापासूनच नको होतं. देवाने सांगितलं म्हणून करत होतो."

"हसतोयस काय?" श्वेता म्हणाली. "बाबांनी पत्रे घातलेत."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माणिकने एकदाही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं. तिसऱ्या दिवशी मी जयवंताकडून नंबर घेतला आणि धोंडिरामांना स्वतः फोन लावला. शिक्षकाने पालकाची माफी मागायची माझी ही पहिलीच वेळ. सगळं सांगितलं. शब्द माझा होता, मुलाची चूक नाही, तो बिचारा मी शिकवलं ते बोलला.

धोंडिराम म्हणाले, "गुरुजी, माका संशय इलो होतो. ह्यो मुंबय सोडून गावाक कसो येतलो, असा मनात इला. पण परत इचारूचो धीर नाय झालो. परत इचारला असता, तर तो नाय म्हटलो असतो." मग हसून म्हणाले, "तुमचो शब्द चांगलो होतो. दोन म्हयने बरे गेले आमचे, पत्रे घालण्यात."

फोन ठेवून मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. मला रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

जयवंताने चंद्रप्रकाश शेठना महिनाभराची मुदत दिली आणि खरं कारण सांगितलं. शेठ चकित झाले. "क्यूँ भाई, भगवान ने मना किया क्या?"

"नहीं शेठ. भगवान से हमने पूछा ही नहीं था."

शेठनी दुसरा माणूस शोधला. त्यांच्या विकायच्या गाड्या आता तिकडे जातात. घरची गाडी मात्र ते अजून जयवंताकडेच आणतात, आणि पिशवीत हात घालून दोन-दोनदा बघतात.

जुनी गिऱ्हाइकं परत आणायला जयवंताने एकेकाला फोन केले. सगळी आली नाहीत. पाच-सहा जणांनी दुसरी सोय बघितली होती, त्यात विक्रोळीचे आजोबाही. डॉक्टरीणबाई आल्या, कुत्र्यासकट. रविवारचा प्रश्न श्वेताने सोडवला. तिने मला पाटी लिहून द्यायला सांगितली. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'रविवारी बंद'. लोक कुरकुरले आणि शुक्रवारी यायला लागले. मी स्वतः मंगळवारी जातो. 'डिटेलिंग' या शब्दाबद्दल मी आता काही बोलत नाही. माझ्याकडे दुसरा शब्द नाही, आणि असला तरी तो मी कोणाला देणार नाही.

पण देवाने दिलेला कौल तर शिल्लक होताच. हो म्हटलं होतं त्याने, गावाक. यावर तोडगा जयवंताने काढला. गणपतीत मुंबईचे सगळे चाकरमानी गाड्या घेऊन गावी उतरतात, आणि घाटातल्या चिखलाने व तांबड्या मातीने गाड्यांचा मूळ रंग ओळखू येत नाही. दहा दिवस गाळा बंद करून, मशीन, दिवा आणि फडकी बांधून जयवंत, श्वेता आणि निधी निघाले. मागोमाग आम्हीही. माणिकचीच कल्पना. म्हणाली, "तुमच्यामुळे पत्रे घातलेत, बघायला तरी चला."

पत्रे बघण्यासारखेच होते. मांगराची, म्हणजे त्या जुन्या गोठ्याची, जमीन सारवून घट्ट केलेली, भिंतीवर विजेचा मोठा पॉइंट, मागे टाकी, आणि एका खांबाला खिळा. जयवंताने फोनवर कधीतरी सांगितलं असणार, कारण खिळ्याला ब्रेडच्या पिशव्या नीट घडी घालून अडकवल्या होत्या. जानकीबाईंनी सहा महिने जमवल्या होत्या म्हणे, आणि गावात ब्रेड खाणारी घरं चारच.

दुसऱ्या दिवसापासून वाडीतल्या गाड्यांची रांग लागली. डोंबिवलीचे, नालासोपाऱ्याचे, गोरेगावचे चाकरमानी. धोंडिराम खुर्ची टाकून बसायचे आणि येईल त्याला सांगायचे, "माझो झील. मुंबयत नाव आसा त्याचा." पावसाची सर आली की पत्र्यांवर एवढा आवाज व्हायचा की बोलणंच बंद, मग सगळे गप्प बसून जयवंताचं काम बघायचे. तसं बघणारी माणसं त्याला विक्रोळीतही मिळाली नव्हती.

माझी लाल गाडी शेवटच्या दिवशी घेतली. काम झाल्यावर जयवंताने सवयीने पिशवी माझ्यापुढे धरली, मग विचार बदलला आणि वडिलांपुढे धरली. धोंडिरामांचा हात जाड, आधी गिरणीतला, मग कारखान्यातला. पिशवीत घालायला वेळ लागला. मग त्यांनी तो बॉनेटवरून हळूहळू फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा मागे.

"काय लागना नाय रे," ते म्हणाले.

जयवंत त्यांच्या तोंडाकडे बघत होता. हात बॉनेटवर तसाच ठेवून धोंडिराम म्हणाले, "फुडल्या वर्साक येतलंस काय? म्हणजे... देवाक इचारून बघू?"

"देवाक कित्याक इचारूचा बाबानू?" जयवंत म्हणाला. "मी येतलंय."

धोंडिराम काहीच बोलले नाहीत. बराच वेळ. ही गप्प होण्याची तऱ्हा मी एकदा ऐकली होती, मुलुंडला, माझ्याच घरी, जयवंताच्या फोनवर. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, रेंज गेली वाटतं.